चतुराबाईची वाव

पोळ्याच्या दिवशी कचरू दोर घेऊन गावात गेला आणि दोर घेऊनच परत आला.

गेल्या पोळ्याला निदान निम्मे खपले होते. यंदा घरोघरच्या बैलांना हिरवी-निळी नायलॉनची दावी लागली होती. भोकरदनच्या बाजारात ती मीटरवर मिळत. भिजली तरी कुजत नसत, उंदीर त्यांना तोंड लावत नसत. साहेबराव पाटलानं मात्र कचरूला दारातून हाकललं नाही, तेवढा तो जुन्या वळणाचा. म्हणाला, "आणलाच तं ठेव एखादा. कुत्रं बांधाया होईन."

कचरूनं एक ठेवला. त्याचा बाप रखमाजी, आजा, सगळ्यांनी या गावाला अंबाडीचे दोर वळून दिले होते. पोळ्याचे दोर गेरूत बुडवून लाल करायचे ही त्यांच्या घरची रीत. कासरे, दावी आणि गाडीवरची भर आवळायची अंगठ्याएवढी जाड चऱ्हाटं, सगळं लालभडक. ते ओझं खांद्यावर घेऊन तो वस्तीवर आला तेव्हा त्याची बायको चतुराबाई लिंबाच्या झाडावर होती. शेळ्यांना पाला पाहिजे असला की ती कासोटा आवळून सरळ वर चढे. अंगानं बुटकी, पण झाडावर तिचा हात धरणारा गडी वस्तीत नव्हता.

वरूनच तिनं विचारलं, "समदेच वापस?"

"एक गेला."

"कोन्या बैलाला?"

"कुत्र्याला."

चतुराबाई खाली उतरली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चला, पाटलाच्या कुत्र्याचा तरी पोळा झाला!"

दोघं हसली. मग कचरू ओट्यावर टेकला. दोर तिनंच उचलून आढ्याला टांगले.

चार दिवसांनी ऊसतोडीचा मुकादम तातेराव फटफटीवर आला. खाली न उतरताच म्हणाला, "दिवाळी झाली का मंगळवारी सकाळी फाट्यावर ट्रक लागतो. तुमचा कोयता धरू ना?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन वर्षांमागं ही जोडी एकदा गेली होती. पाच महिने पाचटाच्या खोपीत काढले. मोळ्या वाहून चतुराबाईच्या मानेवर उठलेला घट्टा अजून बसला नव्हता. पण तिला खरा सल दुसराच होता. म्हातारा रखमाजी मागं एकटा राहिला, त्या हिवाळ्यात त्याचा डोळा आला, दवाखान्यात न्यायला घरात कोणी नव्हतं, आणि तो डोळा गेला. उरलेल्या डोळ्यानं त्याला आता माणसाची सावली तेवढी दिसे.

"धर," कचरू खालच्या आवाजात म्हणाला.

"धरू नका," चतुराबाई म्हणाली. "दिवाळीपस्तोर सांगतो आमी."

तातेराव हसला. "सांगा. ट्रक काही वहिनीसाठी थांबनार न्हाई." फटफटी धूर सोडत गेली.

दिवाळीपर्यंत काय होणार होतं, हे चतुराबाईला तरी कुठं ठाऊक होतं? एवढंच की जालन्याच्या सरोजिनीताईंनी परत येते म्हणून सांगितलं होतं.

अशा ताया वस्तीवर याआधी तीन येऊन गेल्या होत्या. फोटो काढून गेल्या त्या गेल्याच. सरोजिनीताई ऑफिसातली नोकरी सोडून कारागिरांसाठी लहानशी संस्था चालवत. पहिल्या खेपेला त्यांनीही पर्यावरण, स्वयंरोजगार असले शब्द वापरून तासभर भाषण केलं होतं आणि वस्तीनं ते देवळातल्या पोथीसारखं मान हलवत ऐकलं होतं. शेवटी चतुराबाईनंच तोंड उघडलं. "ताई, तुमचं समदं बराबर हाये. अंबाडी बांधावर येती, पाल्याची भाजी होती, वाख काढून राहिलेल्या काड्या चुलीत जातात, काहीच वाया जात न्हाई, हे आमाला ठाव हाये. पर घेनार कोन?"

ताईंचा चेहरा पडला. "ते मला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधते आणि येते."

माहीत नाही म्हणणारी ताई वस्तीनं पहिल्यांदाच पाहिली. म्हणून चतुराबाईचा तिच्यावर जीव बसला.

आणि पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी ताई खरंच आल्या! बरोबर जुन्या जालन्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते, मार्तंड सर. उंच, शिडशिडीत, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना चढायला लोखंडी कमान उभारून नायलॉनचे दोर सोडले होते. पोरं वरून घसरत येत आणि तळहात सोलवटून रडत घरी जात.

कचरूनं त्यांच्या हातात अंबाडीचा एक पांढरा, बिनगेरूचा दोर दिला. सरांनी तो मुठीत आवळून जोरानं खालवर ओढला, तळवा उघडून पाहिला. नुसता लाल झाला होता, कुठं सोलवटला नव्हता.

"चोवीस दोर लागतील. असेच, अंगठ्याएवढे जाड. अठरा फूट."

"फूट आमाला कळत न्हाई सर. वाव सांगा."

"वाव?"

कचरूनं दोन्ही हात पसरले. या बोटापासून त्या बोटापर्यंत. सरांनी खिशातून टेप काढला, कचरूच्या छातीवरून धरला आणि पहिल्यांदाच हसले. "बरोबर सहा फूट! म्हणजे तीन वाव. दिवाळीची सुट्टी संपून मंगळवारी शाळा उघडते. त्या दिवशी दोर कमानीवर पाहिजेत. पटले तर बाकी शाळांनाही मीच सांगेन. नाही पटले तर परत पाठवीन. तोंडदेखलं मला जमत नाही."

मंगळवारी! तातेरावाचा ट्रकही त्याच मंगळवारचा. चतुराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडं. त्या रात्री घरात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती, रोजचीच, पण कचरूनं दोनदा वाढून घेतली.

मग त्या घरात जी घाई उठली ती विचारू नका. आधी घरात होता तेवढा जुना वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा, संपवला. नवरात्र सरलं तशी बांधांवरची अंबाडी पिवळी पडायला लागली. साहेबरावानं आपल्या बांधावरची न्यायला सांगितलं. "घेऊन जाय. शाळेची पोरं लोंबकळनार म्हन्ता? आता माकडं बी गिऱ्हाईक झाली का तुझं?" असंही वर म्हणाला. कचरूनं ऐकून घेतलं आणि अंबाडी कापली. पेंढ्या बांधून पूर्णेच्या डोहात दगडाखाली दाबल्या. दहाबारा दिवसांत त्या कुजून असा वास सुटला की गुराखी वाट बदलून जाऊ लागले. गुडघाभर पाण्यात उभं राहून दोघं काड्यांवरून साल सोलत, आपटत, धूत. पांढरा, लांबच लांब, ओला वाख काठावरच्या बोरींवर वाळत पडला की चतुराबाई त्याकडं बघत बसायची. तिला तो फार देखणा वाटे.

म्हातारा रखमाजी दारात बसून वाख विंचरायचा. त्याच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. एखादी बट जाड आली की लगेच ओरडायचा, "पोरी, ह्यो पेड लठ्ठ झाला बघ. पोरं चढनार हाईत त्याच्यावर, म्हशी न्हाई!"

"बघते मामा," चतुराबाई म्हणायची आणि पेड उसवून पुन्हा वळायची.

नऊ दोर कचरूनं वळले. दहाव्यासाठी अंबाडी कापताना विळा निसटला आणि डावा तळहात मधोमध चिरला. केदारखेड्याच्या डॉक्टरनं पाच टाके घातले. त्याच्या हातून पीळ गेला. आता तो उजव्या हातानं फिरकी तेवढी फिरवी आणि चतुराबाई तीन पेड एकत्र आणत मागं मागं सरकत जाई. मांडीवर वळून वळून तिची मांडी सोलून निघाली, तळव्यांना भेगा पडल्या. त्यात तेल चोळून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे. पंधरा दोर तिनं वळले. गाणं म्हणत वळले. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं काम आणि इतका आनंद एकदम तिच्या वाट्याला कधी आला नव्हता.

या घरात एक नेम होता. दोर ज्यानं वळला त्यानंच तो आपल्या वावेनं भरायचा, आणि एकदा भरला की फिरून कोणी मोजायचा नाही. फिरून मोजतात तो फक्त तिरडीचा दोर. त्यामुळं चतुराबाईनं प्रत्येक दोर आपल्या छातीवरून तीन वाव भरला, वेटोळं केलं आणि भिंतीला रचला. कचरूनं ती वेटोळी पाहिली. मोजली नाहीत.

दिवाळी झाली. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी दुपारी सरोजिनीताई आल्या. वेटोळी पाहून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. मग पिशवीतून टेप काढला.

"ताई, मोजू नका," रखमाजी पटकन म्हणाला.

"का हो बाबा? मला सरांना लिहून द्यायचंय."

एका वेटोळ्याचं टोक त्यांनी उंबऱ्याशी धरलं आणि दोर अंगणात उलगडला. टेपकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. दुसरा दोर उलगडला. तिसरा.

"कचरूभाऊ, हा पंधरा फूट आहे. हाही पंधराच."

कचरूनं आपला एक दोर ओढून आणला. तो बरोबर अठरा भरला. अंगणात दोन दोर शेजारी शेजारी पडले होते. मधला फरक आंधळ्यालाही दिसला असता, आणि रखमाजीनं तो हातानं चाचपून पाहिलाच.

चतुराबाईनं नकळत आपले हात पसरले. मग नवऱ्याच्या लांब हातांकडं पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अख्खी वस्ती जमली होती. कोणीतरी फिसकन हसलं. ती मटकन खाली बसली.

"मह्या हातानं घात केला," ती म्हणाली. "हातच आखूड मह्ये."

"चूप बस," कचरू म्हणाला. "सर महे हात मोजत व्हते तवाच मला समजाया पायजे व्हतं."

"वाख किती राहिलाय?" ताईंनी विचारलं.

"मूठभर."

"मंगळवारी आठ वाजता टेम्पो येणार आहे…" ताई म्हणाल्या.

तेवढ्यात रखमाजी काठी टेकत उठला. "सांधा की," तो म्हणाला. "मोटंचा नाडा तुटला का महा बाप सांधायचा. गाठ न्हाई, काही न्हाई. तीन पेड उसवायचे, येकात येक घालायचे, चार येळा खालून काढायचे. सहा बैलांची मोट वढली हाये तशा नाड्यानं."

"सांधाया दोर कुठून आनू मामा?"

रखमाजीनं काठी आढ्याकडं केली.

आढ्याला पोळ्याची चऱ्हाटं लटकत होती. अंगठ्याएवढी जाड. गावानं नाकारलेली. गेरूनं लालभडक!

चतुराबाईनं डोळे पुसले. "लाल दिसंन ना पर."

"दिसू दे," कचरू म्हणाला. "चोरी केली का आपन?"

त्याच क्षणी कामाला सुरुवात झाली. एका हाताचा कचरू, एका डोळ्याच्या अंधुक उजेडातला रखमाजी आणि आखूड हातांची चतुराबाई, असे मिळून ते पुरते दोन कारागीर होत होते. म्हातारा दाखवी, ती पेड घाली, कचरू उजव्या हातानं आणि दातांनी ताण धरी. ताई टेप घेऊन तुकडे तोडून देत होत्या. आता टेपला कोणी नको म्हणत नव्हतं. पहिला सांधा गबाळा झाला. दुसरा बरा. चौथ्याला रखमाजीनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "कुठं हाय सांधा? मला घावंना." चतुराबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. सोमवारी दिवस मावळायच्या आत पंधरावा झाला. मग वस्तीतले दहा गडी इकडून आणि दहा तिकडून असे दोराला लागले. पाय घसरले, दोन जण तोंडावर पडले, शेजारच्या कोंबड्या पळाल्या. सांध्याचा एक धागा हलला नाही.

मंगळवारी सकाळी फाट्यावर ट्रक उभा होता. त्यात भांडी, शेळ्या, पोरं, म्हाताऱ्या सगळं भरलेलं. तातेरावानं हाक मारली, "कचरू, बिऱ्हाड कुठंय?"

पाठीमागून ताईंचा टेम्पो येत होता. कचरूच्या खांद्यावर दोरांचं ओझं होतं. त्याचे पाय क्षणभर अडखळले. शाळेनं दोर परत पाठवले तर हाही ट्रक गेलेला असणार. चतुराबाईनंच तोंड उघडलं.

"आमचा कोयता सोडून द्या मुकादम. आमी शाळंत चाल्लो."

"शाळंत? ह्या वयात?" ट्रकमधली माणसं खो खो हसली. चतुराबाईही हसत टेम्पोत चढली.

शाळेच्या मैदानावर तीनचारशे पोरं उभी होती. शिपायानं शिडी लावून दोर कमानीला बांधले. नऊ दोर नुसते पांढरे, पंधरा वरच्या टोकाला लाल. मार्तंड सर हात मागं बांधून खालून वर बघत राहिले.

"हे लाल काय?"

सरोजिनीताई पुढं झाल्या, पण चतुराबाईनं त्यांचा पदर धरून त्यांना मागं ओढलं. "म्या सांगते. सर, दोर आखूड झाल्ते. तुमी ह्यांची वाव मोजली आन् दोर म्या भरले. मंग पोळ्याचं चऱ्हाट सांधलं. लाल हाये ते सांधलेलं हाये."

सरांचा चेहरा कठीण झाला. "बाई, ही लेकरं आहेत. पंधरा फुटांवर सांधा सुटला तर? मी सांधलेला दोर घेऊ शकत नाही."

कचरूची मान खाली गेली. टेम्पोतून येताना ज्याची भीती होती तेच झालं.

चतुराबाईनं चपला काढल्या. पदर कमरेला खोचला, कासोटा आवळला, मधल्या लाल टोकाच्या दोराला दोनदा हिसका दिला आणि पायांत दोर धरून वर निघाली.

"अहो बाई!" सर धावले. तोवर ती त्यांच्या हाताबाहेर गेली होती. लिंबावर चढणारी बाई ती! भेगाळलेल्या तळव्यांना तिचाच दोर टोचत होता, मांडी झोंबत होती, पण हात थांबत नव्हते. पोरांची आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा. सांध्याशी पोचल्यावर तिनं लाल भाग दोन्ही हातांनी गच्च धरला आणि पाय सोडून दिले. सगळा भार सांध्यावर. वर तशीच लोंबकळत तिनं दोन हिसके दिले. कमान करकरली. दोर गप्प होता.

"लाल धरलं! लाल धरलं!" पोरं ओरडली.

ती सरसर उतरली आणि तळवे सरांसमोर उघडे केले. जुन्या भेगा होत्या, नवं खरचटलेलं काही नव्हतं. तिला बोलायला दम उरला नव्हता. तिला खूप हसू येत होतं आणि रडूही.

सरांनी तिच्या तळव्यांकडं पाहिलं. मग शिपायाला सांगून कमानीखाली वाळू ओढून घेतली, पंधराही सांधे शिडीवर चढून स्वतः तपासले, प्रत्येकाला लोंबकळून पाहिलं. धोतर नेसणारे असते तर पंचाईत झाली असती, पण सर पँटवाले होते. खाली उतरून त्यांनी शिट्टी वाजवली आणि पोरांना सोडलं.

पोरं सुटली ती सगळी लाल टोकाच्या दोरांवर. एकेका दोराखाली ही रांग. ज्याचा हात लालला लागला तो वरूनच आरोळी ठोकायचा. कचरूचे नऊ पांढरे दोर वाऱ्यावर नुसते हलत होते. त्यांच्याकडं कोणी फिरकेना. एक पोरगी सरांजवळ येऊन म्हणाली, "सर, त्यांना लाल का नाही?"

कचरूनं डोकं खाजवलं. "म्हंजे महेच दोर वापस का काय?"

मार्तंड सर मोठ्यानं हसले. "वापस नाहीत. पण त्यांना लाल टोक लावून द्या." मग खिशातलं पेन काढत म्हणाले, "आणि आणखी एक. पहिली-दुसरीच्या लहान मुलांसाठी बुटकी कमान करतोय. त्यांना अठरा फूट फार होतात, पंधरा पुरतात. तिथं बिनसांध्याचे तीस दोर. किती वाव लिहू?"

कचरू सवयीनं पुढं आला आणि त्यानं हात पसरले.

"तुमचे हात नकोत हो," सर म्हणाले. त्यांनी टेपचं एक टोक त्याच्याच उजव्या हातात दिलं. "बाई, तुम्ही या."

चतुराबाई लाजली. नवऱ्याकडं पाहिलं. तो टेप धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मग तिनं पदर सारखा केला आणि अख्ख्या शाळेसमोर आपले दोन्ही हात जेवढे जातील तेवढे पसरले.